मैदानाची कड

आमच्या शाळेच्या मैदानाला बाजू तीनच. पूर्वेला शाळेची कौलारू इमारत, दक्षिणेला रस्त्याकडची भिंत, उत्तरेला धानाच्या बांध्यांचे काटेरी कुंपण. पश्चिमेला मात्र भिंत नाही की कुंपण नाही. तिथे एका जुन्या बोडीची पाळ आहे. ज्यांना आमचा गोंडपिपरीकडचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की या झाडीत लहान तळ्याला बोडी म्हणतात आणि तिच्या मातीच्या बांधाला पाळ. आमची बोडी केव्हातरी गाळाने भरून गेली. तिच्यात आधी गुरे चरू लागली, मग पोरे खेळू लागली, आणि पुढे शाळेने तिला मैदान म्हणायला सुरुवात केली. पाळ तेवढी जिथल्या तिथे राहिली: अर्धचंद्रासारखी वळलेली, पुरुषभर उंच, आतल्या अंगाने उतरती. कुणी ठरवून प्रेक्षागार बांधायला घेतले असते, तर त्याने तरी याहून निराळे काय बांधले असते?

पाळीच्या मधोमध मोहाचे एक झाड आहे, आणि झाडाच्या मागून बाजाराची पायवाट जाते. त्यामुळे आमच्या मैदानावर सामना चालू असला, की प्रेक्षक आपसूक जमतात. डोक्यावर टोपले घेतलेली बाई दोन षटके पाहून पुढे जाते. बंडीवाला बंडी थांबवतो आणि बैलांसकट सामना पाहतो. शेळ्या राखणारी पोरे तर सकाळपासून हजर असतात. यांतल्या कोणाचेही नाव शाळेच्या पटावर नसते. पण मैदानाचा खरा पट पाळीवर बसतो, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे.

गेल्या वर्षी या मैदानाचे नूतनीकरण घाटू लागले. कागदावर एक सुबक आराखडा आला. पाळ सपाट करायची. तिच्या जागी सिमेंटच्या पाच पायऱ्या, मध्ये पाहुण्यांसाठी छप्पर, आणि चारी बाजूंनी सात फूट उंचीची भिंत. आराखडा पाहून आम्हा सगळ्यांना आनंदच झाला, आणि मलाही झाला, हे मी लपवीत नाही. आयुष्यभर फुटक्या फरशीच्या वर्गात शिकवणाऱ्या माणसाला सिमेंटचे नुसते चित्र पाहूनही बरे वाटते.

प्रस्तावाला मैदानाचा दोन पानी इतिहास जोडायचा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही कादंबऱ्या लिहिता, गुरुजी. हे काम तुमचंच." मग जाता जाता त्यांनी जोडले, "आणि ते मोहाचं झाड वाळलेलं आहे, असं एक वाक्य त्यात घाला. म्हणजे तोडण्याच्या परवानगीची कटकट राहणार नाही."

आमचे मुख्याध्यापक वाईट गृहस्थ नाहीत. शाळेसाठी त्यांनी झिजवलेल्या वहाणा मी पाहिल्या आहेत. मी हो म्हणालो. कादंबऱ्यांतून मी आजवर पुष्कळ माणसे मारली आहेत. एक झाड मारायला अशी काय अडचण पडणार?

अडचण लिहायला बसल्यावर पडली. शाळेच्या दप्तरात मैदानाविषयी काही सापडेना. मग आठवणी उकरू लागलो, तर जी आठवण काढावी तिच्यात पाळ येई, आणि पाळीवर गणित्या बसलेला असे.

गणित्या हे त्याचे खरे नाव नव्हे. तो माझ्याच वयाचा. दुसरीनंतर त्याची शाळा सुटली आणि शेळ्या मागे लागल्या. आम्ही खाली खेळत असू आणि तो मोहाखाली बसून चिंचोक्यांनी धावा मोजत असे. एका धावेला एक चिंचोका, दहा झाले की एक खडा, गडी बाद झाला की एक काडी. आमच्याकडे फळा नव्हता, खडू नव्हता, गणित्या होता. दोन्ही संघ त्याच्या ढिगाला न्यायालयाचा निकाल मानीत. कोणी कुरकुर केलीच, तर तो शांतपणे म्हणे, "मोजून घे ना गा." कोणी मोजत नसे.

माझ्याजवळ काकांचा एक ट्रान्झिस्टर होता. मोठा सामना असला, की तोही पाळीवर जाई. १९९५ च्या नोव्हेंबरची २६ तारीख मला लख्ख आठवते. रविवार होता. धान कापणीला आलेले, हवेत गारवा. नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना होता. नागपूर म्हणजे आमची राजधानी. तिथला सामना म्हणजे घरचे कार्य. याच मैदानावर १९६९ च्या ऑक्टोबरात नागपुरातला पहिला कसोटी सामना झाला होता आणि न्यूझीलंडने भारतभूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय तिथेच मिळवला होता. इथेच १९८७ च्या विश्वचषकात, ३१ ऑक्टोबरला, चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन गडी ओळीने त्रिफळाचीत केले आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकुलते एक शतक काढले. या गोष्टी आम्हांला शाळेतल्या कवितांपेक्षा अधिक पाठ होत्या.

त्या रविवारी न्यूझीलंडने आधी फलंदाजी केली आणि ३४८ धावा कुटल्या. गणित्याचे चिंचोके संपले, खडे संपले. शेवटी त्याने मोहाची पाने घेतली. जेवणाची सुटी झाली. आम्ही घरी जाऊन भाकर खाऊन आलो. सुटीनंतर समालोचन पुन्हा सुरू झाले, सचिनने चौकार मारले तेव्हा आम्ही पाळीवरून खाली उड्या मारल्या, आणि ९९ धावांनी हरल्यावर तोंडे पाडून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रपूरच्या एस.टी.ने वर्तमानपत्र आले. त्यात होते, की जेवणाच्या सुटीत प्रेक्षकांच्या सज्जाची एक भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेली काही माणसे तिच्यासोबत खाली येऊन मरण पावली. सामना मात्र पुढे चालू राहिला होता.

मी ती बातमी पाळीवर बसून गणित्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपून उड्या मारत होतो, तवा ते मरून पडले होते का गा?"

मी काही उत्तर दिले नाही. पंधरा वर्षांच्या पोराजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि आज पंचेचाळिशी गाठताना आहे असेही नाही. एवढेच आठवते, की त्यानंतर पुष्कळ दिवस गणित्या चिंचोके घेऊन आला नाही.

पुढे मी मास्तर झालो आणि पोरांचे संघ घेऊन नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. चंद्रपूर, वरोरा, जाम, बुटीबोरी अशी गाडी जाते, आणि नागपूर यायच्या आत जामठ्याला शेतांच्या मधोमध ते नवे क्रीडागार उभे राहते. २००८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलींची ती अखेरची आणि लक्ष्मणची शंभरावी. शहरातल्या जुन्या मैदानावर त्याआधी २००६ साली इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली होती. आंतरराष्ट्रीय सामने आता जामठ्याला होतात, आणि सिव्हिल लाइन्सच्या वाट्याला देशांतर्गत सामने राहिले आहेत. पहिल्यांदा मी पोरांना घेऊन गेलो, तेव्हा ते प्रचंड बांधकाम पाहून सारी गाडी एका अंगाला झुकली. एका पोराने विचारले, "गुरुजी, हे कोणतं गाव जी?" मला हसू आले; पण प्रश्न खोटा नव्हता. शहरापासून दूर, स्वतःच्या दिव्यांचे, स्वतःच्या वेशीचे ते एक गावच होते. फक्त त्या गावात कोणी सहज, जाता जाता, येऊ शकत नव्हते.

मैदान मोठे झाले, की त्याला भिंत लागते, हे मला कळते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत शिकलेले सी. के. नायडू १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एम.सी.सी.विरुद्ध १५३ धावा झोडून, त्यांत ११ षटकार मारून, साऱ्या देशाचे नायक झाले, तेव्हा त्या मैदानाला आजच्यासारखे गोल कोट नव्हते. १९३७ साली मुंबईत ब्रेबॉर्न उभे राहिले. पुढे तिथल्या तिकिटांच्या वाटणीवरून तंटा झाला, आणि आमच्याच विदर्भातले बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरे क्रीडागार उभारले. १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. म्हणजे देशातले एक नामांकित क्रीडागार जन्माला आले, तेच मुळी कोणाला किती जागा मिळावी या भांडणातून. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याचेही नूतनीकरण झाले. प्रेक्षकांना ऊन लागू नये असे छप्पर आले, बाकांच्या जागी खुर्च्या आल्या, आणि आसने पहिल्यापेक्षा कमी, सुमारे ३३ हजार उरली. खुर्ची आली, की माणूस आरामात बसतो. पण बाकावर 'सरका हो थोडं' म्हणून पाचवा माणूस बसू शकतो, तसा तो खुर्चीवर बसू शकत नाही.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असा मी काढीत नाही. १९९५ ची ती बातमी वाचलेल्या माणसाने पक्क्या बांधकामाची थट्टा करू नये. माणसे जिथे हजारांनी बसतात, तिथला पाया आणि कठडा हाच पहिला नियम. बाकीची शोभा मागाहून. माझा प्रश्न निराळा होता. पक्के बांधताना पाळीवरचा माणूस बाहेर राहिलाच पाहिजे का?

या प्रश्नाचे एक उत्तर मला फार लांबून मिळाले. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉलही आहे. तो शिकवायचा म्हणून मी त्याविषयी मिळेल ते वाचत होतो, आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, स्टार्कव्हिल नावाच्या लहान गावी जाऊन पोचलो. तिथे एक विद्यापीठ आहे आणि त्याचे बेसबॉलचे मैदान आहे. नाव डूडी नोबल मैदान. एका जुन्या खेळाडू-शिक्षकाचे नाव. साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या विद्यार्थ्यांनी डाव्या बाजूच्या कुंपणाबाहेर आपल्या जुन्या मोटारी, मालगाड्या आणून उभ्या करायला सुरुवात केली. गाडीच्या पाठीवर फळ्या टाकून बसायचे, शेगडी पेटवायची, मांस भाजायचे आणि खेळ पाहायचे. हळूहळू त्या गाड्या तिथेच रुतल्या, त्यांना मजले चढले, बापाची जागा लेकाकडे गेली. पुढे विद्यापीठाने मैदान नव्याने बांधायला काढले आणि २०१९ च्या हंगामापर्यंत ते पुरे केले. पैसा पाण्यासारखा ओतला. त्या मोडक्या गाड्या काढल्या. पण ती जागा काढली नाही! कुंपणापलीकडे पक्के सज्जे बांधले आणि त्यांवर शेगड्यांना जागा ठेवली. आता त्या जागांना मोल पडले असेल, तिथेही कोणीतरी बाहेर राहिला असेल, हे मी नाकारीत नाही. पण बांधणाऱ्याच्या एवढे ध्यानात आले होते, की या मैदानाचे जे काही नाव आहे ते मधल्या गवताने झालेले नाही. कडेला बसणाऱ्यांनी ते केलेले आहे.

ते वाचून मला आमच्या मंडईतल्या बंड्या आठवल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक होते आणि दिवसा खेळांचे सामने. मैदानाच्या कडेला बंड्या सोडलेल्या, बंडीवर तणस, तणशीवर घरची म्हातारी माणसे. स्टार्कव्हिल आणि गोंडपिपरी यांच्यामध्ये दोन समुद्र आहेत. पण खेळ पाहायला येताना आपली बसायची जागा आपणच घेऊन येणारा माणूस दोन्हीकडे सारखाच.

एवढे सगळे डोक्यात होते, तरी ते एक वाक्य मी लिहिलेच असते. खरे सांगतो, कच्च्या प्रतीत ते लिहून झालेही होते: 'पाळीवरील मोहाचे झाड वाळलेले आहे.' सुवाच्य अक्षर, शुद्ध व्याकरण. ते पुसले गेले ते गणित्यामुळे.

त्याचे पुढचे आयुष्य आमच्याकडच्या शेकडो लोकांसारखेच गेले. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि थंडी सरली की मिरची तोडायला तेलंगणात. त्याचा धाकटा मुलगा आमच्या शाळेत आहे. डावखुरा, चेंडू छान टाकतो. एका संध्याकाळी बाप त्याला न्यायला आला आणि मैदानात आखणीचे खुंटे ठोकलेले पाहून थबकला. मी त्याला उत्साहाने आराखडा समजावून सांगितला. पायऱ्या, छप्पर, भिंत. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "भित झाली त आमी कोठून पाहाचं, गुरुजी?"

मला दोन गोष्टी लागल्या. एक तर तो मला गुरुजी म्हणाला. चाळीस वर्षांपूर्वी तो मला 'गा' म्हणत असे. ही भिंत आमच्यामध्ये केव्हा बांधली गेली, ते माझ्या लक्षातही आले नव्हते. आणि दुसरे असे, की माझ्याजवळ पुन्हा उत्तर नव्हते. मी म्हणालो, "तू आत ये ना. पायऱ्यांवर बस." तो हसला. "शेळ्या घेऊन?" एवढेच म्हणाला आणि मुलाचा हात धरून पाळीवरून निघून गेला.

त्या रात्री मी दोन पाने नव्याने लिहिली. बोडीची गोष्ट लिहिली, पाळीची लिहिली. चिंचोक्यांचा हिशेब लिहिला. १९९५ च्या रविवारची ती बातमीही लिहिली, आणि खाली लिहिले, की पाळ भरावाच्या मातीची आहे, तिच्यावर माणसे बसवायची तर आधी जाणत्याकडून माती तपासून घ्यावी. शेवटचे वाक्य असे केले: 'पाळीवर मोहाचे एक झाड असून ते जिवंत आहे. चैत्रात त्याची फुले पडतात व ती वेचून दोन घरांचे काही दिवस निभतात.'

मुख्याध्यापकांनी पाने वाचली आणि चष्मा काढला. "शेवटचं वाक्य राहू द्यायचंच का, गुरुजी? पैसा परत गेला तर गाव आपल्याला बोलेल." मी म्हणालो, "राहू द्या. बोलेल ते ऐकून घेऊ." हे बोलताना माझा आवाज फारसा खंबीर नव्हता. पैसा खरोखर परत गेला असता, तर पोरांच्या पायऱ्यांचा मीच वैरी ठरलो असतो, आणि ते म्हणणे अगदीच चूक ठरले नसते.

दोन महिने काही झाले नाही. गावात कुजबुज सुरू झाली, की मास्तरने काहीतरी लिहून काम अडवले. मग एके दिवशी एक तरुण अभियंता आला. तो पाळीवर चढला, उतरला, दोन ठिकाणी खणून माती पाहिली. ती चिकट काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर उभी भिंत आणि वजनदार छप्पर घ्यायचे, तर पाया फार खोल न्यावा लागेल, आणि तेवढा पैसा मंजूर नाही, असे तो म्हणाला. त्यापेक्षा पाळ आहे तशीच ठेवून तिच्या आतल्या उतारात दगडाच्या पायऱ्या बसवता येतील. झाडाच्या मुळ्यांनी उलट माती धरून ठेवली आहे. मी मोठ्या कष्टाने चेहरा गंभीर ठेवला.

ते काम या उन्हाळ्यात झाले. तीनच पायऱ्या झाल्या. छप्पर झाले नाही. मोहाची सावली आहे. भिंतीचा प्रश्न अजून कागदावर आहे. ती होईलही, आणि रात्री मैदानात गुरे शिरतात, बाटल्या फुटतात, तेव्हा ती नकोच असे मला म्हणवत नाही. मी एवढेच लिहून दिले आहे, की पायवाटेच्या तोंडाशी एका बंडीच्या रुंदीची जागा मोकळी सोडावी. त्या अर्जावर मी एकट्याने सही केली नाही. खाली सतरा अंगठे आणि सह्या आहेत, आणि त्यांतली एक सही दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाची आहे. अक्षर माझ्यापेक्षा ठळक आहे.

गेल्या मंडईला आमच्या पोरांचा शेजारच्या गावाशी सामना झाला. शाळेला आता देणगीतून आलेला एक लोखंडी धावफलक आहे. त्यावर आकडे लटकवणारा मुलगा खेळ पाहण्यात गुंगून जातो आणि आकडे मागे राहतात. शेवटच्या षटकाला असाच घोटाळा झाला. पंच माझ्याकडे पाहू लागले, मी फलकाकडे पाहिले, आणि मग सवयीने पाळीकडे वळून ओरडलो, "किती झाले गा?"

मोहाखालून उत्तर आले, "चार पायजेत. मोजून घे ना गा."

मोजायला कोणी गेले नाही.